शेजारच्या सीटवरची वहिनी

भीती हाच वहिनीच्या पोटापाण्याचा धंदा होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून ती लोकांना गाडी शिकवायची. तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असायचा. पुढच्या टेम्पोने जरासं अंग चोरलं, फुटपाथवरच्या पोराने रस्त्यापलीकडच्या चेंडूकडे पाहिलं, उभ्या गाडीचं दार बोटभर किलकिलं झालं, की शिकणाऱ्याच्या ध्यानात यायच्या आत वहिनीच्या पोटात धस्स व्हायचं आणि पाय दाबला जायचा. गाडी जागच्या जागी थांबायची. शिकणारा विचारायचा, "काय झालं?" वहिनी म्हणायची, "काही नाही. होणार होतं."

शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. पण आपल्या बायकोला, मुलीला, सासऱ्याला गाडी शिकवायची वेळ आली की तिच्याचकडे धाडत. इतक्या वर्षांत तिच्या गाडीने कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

घरात मात्र या गुणाचा काही उपयोग नव्हता. काम संपलं तरी पाय ब्रेक शोधत राहायचा. नवऱ्याच्या शेजारी बसून बसून तिने त्यांच्या गाडीतली रबरी चटई एका जागी भोक पडेपर्यंत झिजवली होती. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. शांत, मोजकं बोलणारा, एक डोळा मिटून जगाकडे बघायची सवय लागलेला माणूस. तो म्हणायचा, "तुझ्यामुळे आपल्या घरात कधी काही होणार नाही." आणि थोडं थांबून परत म्हणायचा, "तुझ्यामुळे आपल्या घरात कधी काही होणार नाही." पहिलं वाक्य कौतुकाचं आणि दुसरं तक्रारीचं, हे तिला बरोबर कळायचं.

सगळं जग तिला वहिनी म्हणायला लागलं ते तिच्या नणंदेमुळे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नणंद शाळेत जाणारी, गुडघे फुटलेली पोर होती. आईने बजावून पाठवलं होतं म्हणून वहिनीने पहिल्याच दिवशी तिला अदबीने विचारलं, "वन्सं, तुम्ही जेवलात का?" पोर हसून हसून जमिनीवर लोळली. त्या दिवसापासून तिचं नाव वन्संच पडलं. 'तुम्ही' मात्र तिथल्या तिथे गळालं, आणि तिच्या 'वहिनी, वहिनी' हाका ऐकून ही सगळ्यांचीच वहिनी झाली.

या वन्संला घाबरणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. उंचावरून उडी मारायची आणि मग खाली काय आहे ते बघायचं, असा तिचा स्वभाव. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा वहिनीने तिला बंद कारखान्याच्या मोकळ्या पटांगणात नवऱ्याच्या गाडीवर शिकवायला घेतलं. क्लच सुटला, गाडी भिंतीच्या दिशेने सुसाट निघाली, आणि वन्सं स्टिअरिंग धरून हसत होती. वहिनीने हँडब्रेक ओढला तेव्हा भिंत आणि बंपर यांच्यात हात घालायला जागा नव्हती. वन्संने मान वळवून विचारलं, "परत करू?"

वहिनीने शिकवलेलं पहिलं माणूस ती. पुढे तिने टायरचं दुकान काढलं, वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी राहू लागली, लग्नाचं एकदा बघून झालं, ते जमलं नाही आणि त्याचं तिने फारसं मनावरही घेतलं नाही. वहिनीला मात्र ती अजून त्या भिंतीकडेच निघालेली दिसायची.

तर अशा या वन्संने एके दिवशी दुकानात टायरच्या चळतीवर बसून चहा पिता पिता सांगितलं, "वहिनी, आपण शर्यतीत उतरतोय."

"कसल्या शर्यतीत?"

"गाड्यांच्या. लिंबू-चमच्याच्या वयाच्या राहिलोय का आपण?"

गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी पडून होती. तिला वळणं जोडून हौशी लोकांच्या एका क्लबाने ट्रॅक केला होता. महिन्यातून एकदा तिथे शर्यत व्हायची. पळवणारे सगळे साधे लोक: एक पाववाला, एक नर्स, नळदुरुस्तीवाला, दोन शिक्षक. वन्संच्या दुकानात त्यांच्यापैकी बरेच जण टायर बदलायला यायचे. सगळ्यात स्वस्त गट जुन्या छोट्या गाड्यांचा. इंजिनाला हात लावायचा नाही, टायर सगळ्यांचे एकसारखे, आणि दोघांनी मिळून एक गाडी आणली तरी चालायची. त्या दिवशीच्या दोन शर्यतींपैकी एक एकाने पळवायची, दुसरी दुसऱ्याने.

"अर्धा खर्च माझा, अर्धा तुझा," वन्सं म्हणाली. "एकटीला मला झेपणार नाही."

"मग नको उतरूस."

"मग मी नळवाल्याबरोबर उतरते. तो तयार आहे. त्याची गाडी मागच्या वर्षी दोनदा उलटली."

हे तिने मुद्दाम सांगितलं की सहज, ते वहिनीला कधी कळलं नाही. पण त्या रात्री जेवताना तिला नळवाल्याच्या उलटणाऱ्या गाडीत वन्सं हसत बसलेली दिसत होती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ती म्हणाली, "मी येते. पण पळवायची तू. मी नुसती नावाला."

"नावाला कसं चालेल? दोघींनाही शर्यतीचा परवाना काढावा लागतो."

अशा रीतीने जगातल्या सगळ्यात घाबरट बाईने शर्यतीच्या गाडीत पाऊल टाकलं, आणि तेही घाबरूनच.

गाडी कुठून आणायची हा प्रश्न वहिनीनेच सोडवला. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी मालक भंगारात काढणार होता. ती गाडी तिला तळहातासारखी ठाऊक होती. डाव्या दाराचा पोचा एका दंतवैद्याचा, मागच्या दिव्याची चीर साठीत गाडी शिकलेल्या एका आजींची, आणि तिसरा गिअर अडकायचा तो सगळ्यांच्या कृपेने. हे सगळे वार आपल्याच आवारात, खांबाकुंपणांवर झालेले. मालकाने ती गाडी जवळजवळ फुकटात दिली. वन्संच्या दुकानामागच्या पत्र्याखाली दोघींनी तिची आतडी बाहेर काढली: मागची सीट, गालिचे, छताचं कापड, काचा वरखाली करायची यंत्रं. शेजारच्या सीटचा ब्रेक काढायची वेळ आली तेव्हा वहिनी पाना हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिली.

"काढू मी?" वन्संने विचारलं.

"नको. माझा मी काढते."

काटकसर करायची ती सगळीकडे केली. सीट आणि टायर दुसऱ्याने वापरून टाकलेले घेतले. गाडी न्यायला दुकानाची व्हॅन आणि उसना ट्रेलर. तीनच गोष्टींवर वहिनी अडून बसली. हेल्मेट नवं, पट्टे नवे, आणि आतला लोखंडी पिंजरा या कामात मुरलेल्या माणसाकडूनच जोडून घ्यायचा. वन्सं कुरकुरली. वहिनी म्हणाली, "मग मी नाही येत." त्या पिंजऱ्याच्या नळ्यांना हात लावून बघताना तिच्या मनात एकच विचार यायचा. हा कशासाठी लावतात, ते लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि कुणी बोलत नाही.

नवशिक्यांच्या दिवशी परीक्षा घ्यायला एक पांढऱ्या मिशांचे, सडपातळ गृहस्थ होते. क्लबात त्यांना आजोबा म्हणत. आधी त्यांनी झेंडे शिकवले. पिवळा म्हणजे पुढे धोका, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे सगळं थांबवा. मग पट्टे बांधून सीटवर बसवलं आणि सांगितलं, "गाडीला आग लागली आहे असं समजा. बाहेर या."

पोटावर एक चकती होती. ती फिरवली की सगळे पट्टे एकदम सुटायचे. वन्सं माशासारखी सुळकन बाहेर आली. वहिनीची बोटं चकतीवर गेली आणि तिथेच थिजली. खांदे जखडलेले, हेल्मेटच्या आत स्वतःचाच श्वास भात्यासारखा वाजतोय, आणि खरोखरच कुठे तरी जळल्याचा वास येतोय असं तिला वाटायला लागलं. अंगठा हलेना.

"पुन्हा," आजोबा म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घेतले, चकती फिरवली आणि दारातून गुडघ्यांवर पडली. पॅन्ट फाटली. आजोबांनी वहीत खूण केली आणि म्हणाले, "चला, आता ट्रॅक."

क्लबाच्या शिकवणीच्या गाडीत ती स्टिअरिंगवर बसली आणि आजोबा शेजारी. हात मांडीवर ठेवून, बागेत बसल्यासारखे. तिने चोरून त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्याकडे ब्रेक नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्ही दाबा."

चार फेऱ्यांनंतर त्यांनी गाडी थांबवायला लावली. "घाबरता ते ठीक आहे," ते म्हणाले. "न घाबरणाऱ्याला मी परवाना देताना दहादा विचार करतो. पण तुम्ही सारख्या आरशात बघून घाबरताय. मागच्याची काळजी मागच्याला करू दे. समोर बघून घाबरा."

पहिल्या शर्यतीच्या दिवशी वन्संची पाळी आधी होती. ती मधल्या घोळक्यात आली, कानापर्यंत हसत उतरली, आणि हेल्मेट काढायच्या आधीच "वहिनी, अगं काय मजा" असं काहीतरी ओरडत राहिली. मग गाडीत पेट्रोल भरलं, टायरमधली हवा बघितली, आणि वहिनीची पाळी आली.

वन्संने गुडघा टेकून तिचे पट्टे आवळले. "घट्ट?"

"श्वास घेता येत नाही."

"मग बरोबर आहेत."

सगळ्यात मागच्या रांगेत ती उभी होती. पुढे गाड्यांच्या पाठी, त्यांचा धूर, त्यांची थरथर. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, असं ती मनाशी म्हणत राहिली. मग सुटायच्या खुणेचे लाल दिवे विझले आणि सगळं एकदम अंगावर आलं. पहिल्या वळणावर डावीकडे एक गाडी, उजवीकडे एक, दोन्ही इतक्या जवळ की पलीकडच्या माणसाचे डोळे दिसावेत. कुणाचा तरी आरसा तिच्या आरशावर आपटला आणि तुकडे काचेवरून गेले. तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. सगळे पुढे निघून गेले. रस्त्यावर ती एकटी उरली.

पुढच्या फेऱ्या कशा गेल्या ते तिला नंतर नीट सांगता येत नसे. पण मध्येच एका ठिकाणी, पुढे पाववाल्याची गाडी असताना, तिला काहीतरी दिसलं. त्याचं डोकं शेजारच्या गाडीकडे कललं. इतकंच. टेम्पोने अंग चोरावं तसं. तिच्या पोटात धस्स झालं आणि पाय उचलला गेला, आणि त्यानंतर पाववाल्याची गाडी भोवऱ्यासारखी फिरून रस्त्यावर आडवी झाली. वहिनी तिच्या कडेने निघून गेली. मागून येणाऱ्या कुणालाही इतक्या लवकर ते दिसलं नसतं.

ती शेवटून दुसरी आली. गाडीतून उतरून ट्रेलरच्या मागे गेली आणि सकाळचा चहासुद्धा पोटात राहिला नाही. वन्संने पाठीवरून हात फिरवला. "नाही जमत तर सोड, वहिनी. खरंच."

वहिनीने तोंड पुसलं. हो म्हणायचं तिने ठरवलं होतं. तोंडून निघालं, "पुढची कधी आहे?"

तिसऱ्या शर्यतीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वन्संची पाळी यायला आणि बारीक भुरभुर सुरू व्हायला एकच गाठ पडली. पाऊस म्हणावा इतकाही नव्हता. पण वर्षानुवर्षांचं तेल आणि रबर प्यालेली ती धावपट्टी अशा भुरभुरीत साबणासारखी होते, हे आजोबांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

वहिनीने खिडकीत डोकं घालून परत सांगितलं. "पहिल्या फेरीत लांबच्या वळणाआधी पाय काढ. लवकर काढ. वाटेल त्याच्याही आधी."

"हो गं बाई."

"वन्सं."

"काढते म्हटलं ना."

वहिनी काठच्या बुटक्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. गाड्या सुटल्या, पाण्याचे तुषार उडवत गेल्या. लांबचं वळण तिथून स्पष्ट दिसायचं. बाकीच्यांचे मागचे ब्रेकचे लाल दिवे एकेक करून लागले. त्यांच्या त्या जुन्या गाडीचे लागले नाहीत. वहिनीचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. तिने तो सगळ्या अंगाचा भार टाकून दाबला, भिंतीला दोन्ही हातांनी धरून दाबला, आणि गाडी तशीच आडवी घसरत गेली, वळणाबाहेर रचलेल्या टायरच्या ढिगावर आदळली, वर उचलली गेली, आणि छतावर येऊन थांबली.

लाल झेंडे हलले. एकेक इंजिन बंद पडत गेलं. इतकी शांतता झाली की भुरभुर पत्र्यावर वाजलेली ऐकू येत होती.

तिला पलीकडे जाऊ देईनात. आजोबांनी तिचा दंड धरून ठेवला होता. ट्रॅकच्या कडेला मदतीला उभे असलेले मार्शल लोक धावत होते, एकाच्या हातात आग विझवायचं नळकांडं होतं. त्या नळकांड्याकडे बघून तिला ती पोटावरची चकती आठवली. फिरव, फिरव, फिरव, असं ती पुटपुटत होती. गाडीतून काहीच बाहेर येत नव्हतं. एक माणूस आडवा पडून आत डोकावला. मग तो बराच वेळ तसाच राहिला. या पोरीला मी शिकवलं, इतकीच एक गोष्ट तिच्या डोक्यात फिरत होती. हसायला लागली त्याच दिवशी किल्ली काढून घ्यायला हवी होती.

आजोबांच्या हातातल्या वायरलेसवर खरखर झाली. "बोलतेय," कुणीतरी म्हणालं. "शुद्धीवर आहे. बोलतेय."

वहिनीने आजोबांच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि दोन बरगड्यांना तडा होता. इस्पितळाच्या पांढऱ्या बोळात नवरा दुकानाचा कोट न काढताच आला. डॉक्टरांशी बोलून झालं, बहिणीला बघून झालं, आणि मग तो वहिनीजवळ येऊन उभा राहिला.

"तू होतीस ना तिथे?" तो म्हणाला.

आवाज चढवला नाही. त्याने कधीच चढवला नव्हता. पण इतक्या वर्षांच्या संसारात असं एकही वाक्य तिला लागलं नव्हतं. ती होती तिथे, आणि पाय जमिनीवर दाबत होती.

वन्सं झोळीत हात घेऊन घरी आली. पहिले काही दिवस तिने अपघाताचे विनोद केले. मग ते कमी झाले, मग थांबले. हात सुटला, ती दुकानात जायला लागली, पण व्हॅन आवारातून हलेना. टायर आणायला ती दुसऱ्याला पाठवायची. एका दुपारी वहिनी डबा द्यायला गेली तर वन्सं व्हॅनमध्ये बसलेली, हातात किल्ली, कपाळावर घाम डवरलेला.

"क्लच जड झालाय," वन्सं म्हणाली. समोरच बघत होती.

त्या व्हॅनचा क्लच लोण्यासारखा होता, हे वहिनीला ठाऊक होतं. तिने डबा मागे ठेवला, वळसा घालून दुसरं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली. "चल. कोपऱ्यापर्यंत."

"नको."

"मी आहे ना."

"तुझ्याकडे ब्रेक नाहीये वहिनी," वन्सं म्हणाली.

वहिनीला खरं तर तिच्याइतकीच भीती वाटत होती. पायाखाली नुसता पत्रा होता, आणि शेजारी ती मुलगी, जिची गाडी छतावर उलटी पडलेली तिने पाहिली होती. पण शिकवताना काढायचा आवाज तिला जमायचा, तोच तिने काढला. "किल्ली फिरव. क्लच. पहिला. आरसा एकदाच बघ. आता हळू सोड."

व्हॅन चालत्या माणसाच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी पुढच्या चौकापर्यंत. असं बरेच दिवस चाललं. एकदा सिग्नलला थांबल्यावर वन्संने विचारलं, "तुला रोज असंच व्हायचं? म्हणजे कायमच?"

"हो."

"आणि मी हसायचे तुला."

"हसायचीस."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हिरवा लागलाय, चल."

मोडकी गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली पडून होती. छत चेपलं होतं, पिंजरा मात्र तसाच उभा होता. भंगारवाला बघून गेला. वन्संने त्याला होही सांगून टाकलं. वहिनीला हे जेवणाच्या टेबलावर कळलं, आणि ती म्हणाली, "थांबव त्याला."

नवऱ्याने हातातला चमचा खाली ठेवला. "का?"

"मला घरात सगळ्याची भीती वाटते," ती म्हणाली. "गॅसची, जिन्याची, तुम्ही घरी यायला उशीर केलात त्याची. तिथे एकाच गोष्टीची वाटते. ती समोर असते, मोठी असते, पण एकच असते."

तो उठून गेला. दोन-तीन आठवड्यांत वन्संने आणि तिने दुसऱ्या भंगार गाडीचं छत आणून बसवून घेतलं. ते निळं होतं आणि बाकी गाडी पांढरी, म्हणून नळवाला तिला टोपीवाली म्हणायला लागला. मग एका सकाळी नवऱ्याने तिच्यापुढे तिच्याच नंबरचा एक चष्मा ठेवला. मागे रबरी पट्टा, काडी बारीक, हेल्मेटच्या आत बसेल अशी. "काच फुटणार नाही," तो म्हणाला. "हातोडीने बघितलंय." आणि दुकानात निघून गेला.

त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीला वहिनी एकटीच उतरली. ट्रेलरच्या मागे जाऊन आली, तोंड धुतलं, हेल्मेट घातलं. वन्संने गुडघा टेकून पट्टे आवळले. तिचे हात इतके कापत होते की शेवटचा पट्टा चकतीत बसेना. वहिनीने वरून आपला हात ठेवला; तोही कापत होता. दोघींनी मिळून तो बसवला.

"भीती जाते का गं कधी?" वन्संने विचारलं.

"माझी तरी नाही गेली."

"मग काय करतेस?"

"सकाळी काही खात नाही."

दिवे विझले. पहिल्या वळणावर पुन्हा डावीकडे गाडी, उजवीकडे गाडी. या वेळी तिने पाय उचलला नाही. उचलावा असं शरीरातला प्रत्येक सांधा ओरडत होता. लांबच्या वळणावर मात्र तिने सगळ्यांच्या आधी पाय काढला, दर फेरीला, आणि दर फेरीला तिथे तिला बाजूच्या टायरच्या ढिगावर नवे टायर जुन्यांहून काळे दिसायचे. दोघे तिला ओलांडून गेले. तिने तिघांना ओलांडलं. त्यातला एक नळवाला होता, आणि तो स्वतःच्याच चुकीने मागे पडला. ती कितवी आली ते तिला वन्संने सांगितलं तेव्हा कळलं. पाठीमागे पाच जण होते.

वन्संने पुन्हा कधी शर्यतीत गाडी चालवली नाही. व्हॅन ती आता चालवते, लांब लांब जाते. क्लबात नवशिक्यांच्या गाड्यांचे पट्टे आणि पिंजरे तपासायचं काम तिने घेतलं आहे. तिच्या हाताखालून गाडी पास होणं सोपं नाही, अशी तिची ख्याती आहे. वहिनी आठवडाभर शेजारच्या सीटवर बसून लोकांना शिकवते आणि महिन्यातून एकदा स्वतः पळवते. पहिली कधी आली नाही. ट्रेलरच्या मागे उलटी प्रत्येक वेळी होते.

पुढच्या वर्षापासून नवराही यायला लागला. बघवत नाही म्हणून तो ट्रॅककडे पाठ करून, हात खिशात घालून भिंतीशी उभा राहतो. वन्सं त्याच्या शेजारी उभी राहून सांगत असते, "आता लांबच्या वळणाला आली दादा. पाय काढला. आता वळतेय. निघाली बाहेर. आता सरळ आहे."

"आणि आता?" तो विचारतो.

"आता परत वळण."